हेमाताईंची अकरा वाक्यं

हेमाताई आरोंदेकर मला पहिल्यांदा भेटल्या त्या उपाशीपोटी. अमिरातीतल्या अल ऐनच्या एका इस्पितळात मी रुग्णांचं रक्त घेण्याचं काम करते. सकाळी सातपासून माणसं रांगेत असतात, कोणी बोलण्याच्या मनःस्थितीत नसतं. त्या खुर्चीत बसल्या, बाही सरकवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मी नाव वाचलं, पण माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. आमच्या गावात नाटक म्हणजे गणपतीत शाळेच्या पटांगणात व्हायचं ते. मोठ्या थिएटरातलं नाटक मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यांची शीर सापडेना. इथे सगळ्यांशी हिंदीत बोलायची सवय, म्हणून "मुठ्ठी बंद कीजिए" वगैरे चाललं होतं. दुसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा त्यांचा ओठ हलला आणि माझ्या तोंडून घरचंच निघालं, "दुखलं काय जी?"

त्यांनी झटकन मान वळवली. "काय म्हणालीस?"

"सॉरी मॅडम. दुखलं का, असं विचारलं."

"ते नव्हे. आधीचं. तसंच पुन्हा म्हण."

मी घाबरत घाबरत म्हटलं. नळीत रक्त भरत होतं आणि या बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"'जी' म्हणताना तुझा आवाज खाली उतरतो," त्या म्हणाल्या. "आम्ही वर चढवायचो. चाळीस वर्षांपूर्वी मी एक वऱ्हाडी बाई केली होती. शंभर प्रयोग. म्हणजे शंभर वेळा चुकले. गाव कुठलं तुझं?"

"वाशीम."

"मग वाशीमच म्हणते तुला. शीतल नावाच्या मला चार जणी माहीत आहेत."

त्यांचं ते 'चुकले' मला किती भिडलं ते सांगते. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, इथे आले, पण दुबईच्या महाराष्ट्र मंडळात गेलं की माझं 'पानी' ऐकून बायका एकमेकींकडे बघायच्या. मला नेहमी नोंदणीच्या टेबलावर बसवायचे, कारण तिथे फक्त सह्या घ्यायच्या असतात. आणि इथे एक बाई सुई टोचलेल्या हातानं म्हणत होती की चूक माझी नाही, तिची होती.

ते नाव किती मोठं आहे ते मला घरी गेल्यावर कळलं. नवऱ्याला सांगितलं तर तो जेवायचा थांबला. "हेमा आरोंदेकर? अगं, राज्य पुरस्कार आहेत त्यांना! माझे बाबा रात्रभर प्रवास करून त्यांचं नाटक बघायला गेले होते." रंगभूमीवर चाळीस वर्षं, मग सिनेमात आई आणि सासू. पती गेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि इथल्या विद्यापीठात नोकरीला असलेले त्यांचे चिरंजीव नितीनदादा त्यांना अल ऐनला घेऊन आले.

पुढे मी त्यांच्या घरी जायला लागले, आधी रक्त घ्यायला, मग नुसतीच. घरात शिरल्यावर पहिल्यांदा दिसायच्या त्या शाली. वॉशिंग मशीनवर एक, इस्त्रीच्या टेबलावर घडी करून दोन, आणि नितीनदादांच्या बंद पडलेल्या ट्रेडमिलवर जरीकाठाची एक, कुठल्याशा संमेलनातली. पुरस्कारांचा खोका चिकटपट्टीही न काढता माळ्यावर टाकलेला. खोक्यात न मावलेला एकच बाहेर होता, पितळेचा, जड. तो स्वयंपाकघराच्या दाराला अडसर म्हणून लावलेला.

"आजी, दॅट इज सो डिसरिस्पेक्टफुल," त्यांची नात रिया म्हणायची.

"दार आपटतं का आता?"

"नो."

"मग करतोय तो काम. इतकी वर्षं नुसता बसून होता."

सत्काराविषयी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "सत्कारात देतात ते श्रीफळ, आणि नोकरीवरून काढताना हातात देतात तो नारळ. झाड एकच असतं हो." लोक हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

कुठल्याही कार्यक्रमात त्या शेवटच्या रांगेत बसायच्या. मंडळाचे अध्यक्ष घाटेसाहेब, दुबईत मोठा कॉन्ट्रॅक्टिंगचा व्यवसाय, स्वतः मागे येऊन त्यांना हाताला धरून पुढच्या सोफ्यावर नेत. मध्यंतर झालं की त्या परत मागे. मी विचारलं तर म्हणाल्या, "पुढे बसून तोंडं दिसतात. नाटक पोचलं का ते मागेच कळतं." नट आवाज टाकतो की माणूस बोलतो, हे त्यांना डोळे मिटून कळायचं.

माणसांची बोलणी त्या गोळा करायच्या. पठाण टॅक्सीवाल्याला मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायला लावून बोलतं करायच्या. 'इन्शाल्ला' सात प्रकारचं असतं, असा त्यांचा शोध होता. "एकाचा अर्थ 'हो', एकाचा 'बघू', आणि उरलेल्या पाचांचा 'नाही'. पाच वेगवेगळे 'नाही' आहेत वाशीम, ऐक." आणि त्या खरोखर पाच वेगवेगळी माणसं करून दाखवायच्या, इस्पितळाचा कारकून, इमारतीचा पहारेकरी, न्हावी, बँकेतली मुलगी आणि पाचवे त्यांचे स्वतःचे चिरंजीव. नितीनदादा शेजारच्या खोलीतून ओरडायचे, "आई, मी असं बोलत नाही हं!" आणि ते अगदी तसंच असायचं.

त्यांच्या गुडघ्याचे व्यायाम घ्यायला मिलेना नावाची सर्बियन मुलगी यायची. उंच, गंभीर. तिला ताईंच्या पेशाचं कळलं तेव्हा तिनं स्वतःहून एक गोष्ट सांगितली. तिच्या देशात एक फार मोठी अभिनेत्री होऊन गेली, रंगभूमीवरही आणि पडद्यावरही. आयुष्यभराच्या कामासाठी तिला देशातलं मानाचं पदक मिळालं, त्याच संध्याकाळी तिचा प्रयोग होता. भूमिका मोलकरणीची, दोन मिनिटांची. बाईनं पदक काढून मेकअपच्या टेबलावर ठेवलं, ट्रे उचलला आणि आत गेली. मिलेनाची आई तेव्हा प्रेक्षकांत होती. "आता त्या बाईच्या नावाचा रस्ता आहे आमच्या गावात," मिलेना म्हणाली, "पण माझी आई रस्त्याचं काही सांगत नाही. अजून तो ट्रेच सांगते."

"ट्रेमध्ये काय होतं?" ताईंनी विचारलं.

मिलेनाला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी आईला विचारून आली. "कप. रिकामे. पण ती भरलेले असल्यासारखी चालली."

ताईंची पाय वर-खाली करण्याची मोजणी चुकली, मिलेनानं पुन्हा एकपासून सुरू केली. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "बघ, तिकडे सत्काराच्या दिवशी काम असतं बाईला."

नेमका महिन्याभरात घाटेसाहेबांचा फोन आला. मंडळ त्यांना जीवनगौरव देणार होतं. त्याच दिवशी मंडळाचं नाटकही होतं. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच बसले होते.

"घेते," ताई म्हणाल्या. "एका अटीवर. नाटकात मला काम द्या."

"ताई, तुम्ही तर आमचं दैवत..."

"दैवताला संवाद नसतात. मला चार वाक्यं चालतील."

घाटेसाहेब म्हणाले, "इन्शाल्ला ताई, नक्की करू."

फोन ठेवून ताईंनी माझ्याकडे बघितलं. "कितव्या नंबरचं होतं गं हे?"

पण भूमिका मिळाली. नाटक विदर्भातल्या एका एसटी स्टँडवर घडणारं. त्यात एक वेडसर म्हातारी होती, जी प्रत्येक गाडीतून आपला नवरा उतरेल म्हणून वाट बघत बसते. तिला अकरा वाक्यं. ताईंनी ती एका कागदावर उतरवून काढली, पाठ करायला नव्हे, कारण पाठ ती पहिल्याच दिवशी झाली होती. प्रत्येक वाक्यापुढे त्या खुणा करायच्या, आवाज कुठे उतरतो त्याच्या.

त्या खुणांसाठी माझ्या आईला कामाला लावलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. आई आधी लाजून पदराआड बोलायची.

"तुमी एवढ्या मोठ्या बाई, अन् मले काय इचारता जी?"

"मोठी नाही हो, विद्यार्थिनी आहे. गाडी चुकली तर तुम्ही काय म्हणाल?"

"काय म्हणीन? काई नाई. खाली बसून जाईन."

ताईंनी माझ्याकडे वळून बोट वर केलं. "ऐकलंस? दिग्दर्शक मला रडायला सांगतोय. ही म्हणते, खाली बसून जाईन."

तालमी रविवारी व्हायच्या, दुबईतल्या अल क्वोजमध्ये, मंडळाच्या एका सभासदाच्या लोणच्या-पापडांच्या गोदामात. अल ऐनहून गाडीनं दीड तास. मी चालवायची, त्या शेजारी बसून वाक्यं म्हणायच्या, वाळूकडे बघत. गोदामात खोक्यांमधून वाट काढून त्या आपल्या कोपऱ्यात फरशीवर बसत, गुडघा दुखत असूनही. दिग्दर्शक बँकेतला उत्साही मुलगा होता. "ताई, थोडं लाऊड हवंय. वेडी आहे ना ती, हातवारे येऊ देत." ताई म्हणायच्या, "बाळा, ती वेडी आहे हे तुला माहीत आहे. तिला कुठे माहीत आहे?" आणि त्या तसंच करायच्या, हळू, साधं. फोर्कलिफ्ट चालवणारा मल्याळी माणूस, ज्याला एक अक्षर कळत नव्हतं, तो मशीन बंद करून उभा राहायचा. तो महिना त्यांच्या गालांवर रंग होता. सकाळी मी रक्त घ्यायला गेले तरी 'जी' खाली उतरवतच दार उघडायच्या.

आता माझं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका तालमीनंतर चहा घेताना घाटेसाहेब माझ्याजवळ आले. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "शीतलताई, तुम्ही इस्पितळातल्या. आमच्या हेमाताईंची तब्येत कशी आहे? काळजी वाटते हो." अध्यक्ष माझ्याशी बोलतात याचंच मला अप्रूप. मी म्हटलं, "तशी बरी आहे सर. फक्त सोडियम मधेमधे कमी येतं. त्यानं या वयात कधी विसरल्यासारखं होतं, म्हणून लक्ष ठेवतात." रुग्णाचा अहवाल बाहेर बोलायचा नसतो, हे मला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. पण मला ते बोलणं वाटलंच नाही. मला वाटलं, मी काळजी वाटून घेतेय.

कार्यक्रमाला तीन आठवडे असताना घाटेसाहेब मिठाईचा मोठा डबा घेऊन अल ऐनला आले. मी तिथे होते. बसले, पाणी घेतलं, आणि म्हणाले, "ताई, कमिटीनं विचार केला. एकाच दिवशी तुम्ही सत्कारमूर्ती आणि तीच व्यक्ती स्टँडवरची भिकारीण, हे जरा... प्रोटोकॉलमध्ये बसत नाही. आणि तुमची तब्येत. आमच्यामुळे ताण नको. तो रोल आमच्या मिसेस सांभाळून घेतील."

"माझ्या तब्येतीला काय झालंय?"

"नाही, ते सोडियम वगैरे. विसरायला होतं म्हणे."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. नितीनदादा पटकन म्हणाले, "आई, साहेब बरोबर बोलतायत. तू आरामात पुढे बसून बघ ना." मुलगा होता; त्याला आई पडायला नको होती, एवढंच.

घाटेसाहेब गेले. मी तिथेच उभी.

"किती आलं होतं गं ते?" ताईंनी विचारलं.

"एकशे तीस."

"आणि पास व्हायला?"

"एकशे पस्तीस."

"म्हणजे पाच मार्कांनी गेली भूमिका," त्या म्हणाल्या. मी रडायला लागले तेव्हा म्हणाल्या, "रडू नकोस. तुझी आई काय म्हणाली? खाली बसून जा." रागानं म्हणाल्या की प्रेमानं, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मला वाटलं, आता त्या सत्कार नाकारतील. पण थोड्या वेळानं त्यांनी एवढंच विचारलं, "सत्कारानंतर दोन शब्द बोलायला देतात ना?"

कार्यक्रम दुबईतल्या एका शाळेच्या सभागृहात झाला. मी नेहमीप्रमाणे नोंदणीच्या टेबलावर, दारापाशी, शेवटच्या रांगेच्याही मागे. ताईंना त्या दिवशी पहिल्या रांगेतून हलू दिलं नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, चांदीच्या फ्रेममधलं मानपत्र झालं. मग घाटेसाहेबांनी माइक हातात घेतला. "आणि एक सरप्राइज! पुढच्या वर्षीपासून ताईंच्या नावानं एकांकिका स्पर्धा! हेमा आरोंदेकर स्मृती करंडक!"

पडद्यावर ताईंचा तरुणपणीचा फोटो आला, खाली समई तेवत होती. काही लोक टाळ्या वाजवता वाजवता थांबले. कोणीतरी पुढून बोटानं खुणावलं. घाटेसाहेबांना कळेना. "अहो, स्मृती म्हणजे आठवण! स्मृतिचिन्ह नाही का देत आपण जिवंत माणसाला?" हशा झाला, आणि तेवढ्यावर ते निभावलं. फोटो तसाच राहिला.

"ताई, आता आपण दोन शब्द."

ताई उठल्या. शाल आणि नारळ निवेदिकेच्या हातात दिले. माइककडे गेल्याच नाहीत. स्टेजच्या कडेला दोन पायऱ्या होत्या, तिथे गेल्या आणि गुडघा धरून वरच्या पायरीवर बसल्या. पदर डोक्यावरून घेतला आणि सभागृहाच्या दाराकडे, म्हणजे माझ्या दिशेनं, बघितलं.

"हे गाडी रिसोडची होय काय जी?"

माइक नव्हता. तरी शेवटच्या रांगेमागे उभ्या असलेल्या मला 'जी' खाली उतरलेला ऐकू आला. तो आवाज माझ्या आईचा होता. मला आमचा स्टँड दिसला, डांबरावरचं तेल दिसलं.

"दम धरा ना बाप्पा. त्याले उतरू द्या. त्याच्या हाती पिशवी हाय."

माझ्यापुढच्या खुर्चीतली बाई शेजारणीला म्हणाली, "अगं बाई! भरकटल्या गं."

"सोडियम कमी झालंय म्हणे त्यांचं."

ते वाक्य माझ्या तोंडातून निघून महिन्याभरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं होतं.

पाचव्या वाक्याला घाटेसाहेब वाकून त्यांच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "चला ताई. घरी जायचं ना?" नितीनदादा बाजूनं धावत आले. रियाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "डॅड, इज शी ओके?"

ताईंनी घाटेसाहेबांच्या तोंडाकडे बघितलं आणि सहावं वाक्य त्यांनाच म्हटलं. "मले काहून उठोता जी? माहा माणूस या गाडीत हाय."

"हो हो, आहे, आहे," घाटेसाहेब म्हणाले, वेड्या माणसाला म्हणतात तसं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या, हळू, लांबलेल्या, आजारी माणसाला धीर द्यायच्या.

चाळीस वर्षं टाळ्या ऐकलेल्या बाईला या कुठल्या टाळ्या आहेत ते कळायला एक क्षण लागला. मग त्या उठल्या. पदर खाली घेतला, पाठ ताठ झाली आणि स्वतःच्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मी बरी आहे, नितीन. हात सोड." पण ते वाक्य कुणी खरं मानलं नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना सोफ्यावर नेलं आणि ट्रेडमिलवर टाकायला आणखी एक झालेली ती शाल पुन्हा त्यांच्या खांद्यांवर गुंडाळली.

पाच वाक्यं राहिली. मला ती पाठ होती. ही बाई अभिनय करतेय हो, असं दारातून ओरडायला एक वाक्य पुरलं असतं. मी सह्यांच्या वहीवर हात ठेवून उभी राहिले.

नंतर नाटक झालं. मिसेस घाटे कॉलर माइक लावून "पानी" म्हणाल्या, आणि सभागृह खदखदून हसलं.

मी तीन आठवडे त्यांच्या घरी गेले नाही. रक्त घ्यायला दुसरीला पाठवलं. नितीनदादा पुढच्या महिन्यात सगळं आवरून ताईंसकट पुण्याला परत जाणार, असं कळलं होतं, तरी पाय उचलला नाही. मग एका दुपारी हायपरमार्केटमध्ये भाजीच्या भागात त्या दिसल्या. एकट्याच, ट्रॉलीला टेकून भेंडी निवडत. मी कांद्यांच्या ढिगामागे थांबले.

एक मराठी जोडपं त्यांच्याजवळ घुटमळलं. नवरा धीर करून पुढे झाला. "माफ करा हं. तुम्ही हेमा आरोंदेकर ना?"

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. चेहरा कोरा, जरा ऐकू कमी येणाऱ्या बाईसारखा. "नाही हो. पुष्कळ जण विचारतात."

"सेम दिसता अगदी!"

"त्या गेल्या ना."

"अरेरे!" तो खरंच हळहळला. "कधी?"

"महिना होईल. दुबईतच. त्यांच्या नावानं करंडक काढलाय, वाचला नाहीत?"

बायको त्याला म्हणाली, "बघ, मी म्हटलं होतं, ती नसेल." पण तो हलेना. म्हणाला, "आमच्या आईला फार आवडायची. काय काम करायची हो बाई!"

ताईंनी एक भेंडी टोकाला मोडून पाहिली, जून निघाली, बाजूला ठेवली.

"हो," त्या म्हणाल्या. "बरं करायची."